दोन जोरदार मोटारी आणि आपले घर

साडीच्या दुकानात आपण दहा साड्या उलगडायला लावतो. पदर पाहतो, काठ पाहतो, रंग जाईल का म्हणून विचारतो आणि मगच पैसे मोजतो. पण पंधरा-अठरा लाखांची मोटार घ्यायची म्हटली, की आपण हळूच बाजूला सरकतो. "त्यातलं मला मेलीला काय कळतंय? हे आणि मुलगा पाहून घेतील!" असे म्हणून चहा टाकायला आत जातो. बाहेर मात्र पुढच्या सात वर्षांचा घरखर्च ठरत असतो.

मैत्रिणींनो, मोटारीतले सगळे कळायला हवे असे मुळीच नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला जे प्रश्न सुचतात, ते विक्रेत्याला आणि घरातल्या हौशी पोरांना पुष्कळदा सुचत नाहीत. म्हणून आज दोन मोटारी शेजारी शेजारी ठेवून पाहू.

उदाहरणासाठी बोरी अरबमधले एक घर डोळ्यांपुढे आणू या. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, अडाण नदीकाठचे हे गाव. घरी कापूस-सोयाबीनची शेती आणि एक दुकान. मुलगा पुण्याला नोकरीला, मुलगी बारावीला, सासूबाईंचे गुडघे दुखतात. जुनी छोटी मोटार आता थकली आहे. मुलगा म्हणतो, "आई, या वेळी जोरदार इंजिनाची सेडान घेऊ!" सेडान म्हणजे मागे डिकी वेगळी असलेली, बसकी, लांब मोटार. त्याने दोन नावे सांगितली आहेत: फोक्सवॅगनची व्हर्चुस जीटी आणि ह्युंदाईची व्हर्ना टर्बो.

निवड करायची चैन

आपल्या आईच्या काळात असा प्रश्नच नव्हता. ॲम्बेसिडर किंवा फियाट, यांतली जी मिळेल ती! नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार दिसू लागली. पण वेगाची हौस पुरवणारी सेडान सामान्य माणसाच्या आवाक्याजवळ यायला आणखी वीस वर्षे लागली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना निघाला, तिथून २००१ साली ऑक्टाव्हिया बाहेर पडली आणि २००४ साली तिची आरएस ही तेज आवृत्ती आली. त्याच नावाची गाडी ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा आली, तेव्हा परदेशातून फक्त १०० गाड्या आणल्या होत्या. किंमत ४९ लाख ९९ हजार! त्याही हातोहात संपल्या. ती हौस आपल्या घरची नव्हे. पण त्यातली थोडी मजा निम्म्याहून कमी पैशांत देणाऱ्या मोटारी म्हणजे या दोघी.

व्हर्चुस २०२२ साली आली. ती आपल्या पुण्याजवळच्या चाकणला बनते. आजची व्हर्ना आली मार्च २०२३ मध्ये. तिचा कारखाना चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला.

जोर म्हणजे नेमके काय?

विक्रेता दोन आकडे तोंडावर फेकतो. एक शक्तीचा, दुसरा ओढीचा. व्हर्चुस जीटीचे दीड लिटरचे इंजिन १५० अश्वशक्तीचे आहे आणि ओढ २५० न्यूटन मीटर. व्हर्ना टर्बोचे इंजिनही दीड लिटरचेच. शक्ती १६० आणि ओढ २५३.

यातला फरक आपल्याकडे कुणालाही समजेल. काळ्या मातीतून कापसाने भरलेली बंडी काढायची तर बैलाची ओढ लागते. मोकळ्या रस्त्यावर दौडायचे तर घोड्याची शक्ती लागते. रोजच्या वापरात, भरलेली गाडी घेऊन ट्रॅक्टरच्या पुढे जायचे असते तेव्हा, कामाला येते ती ओढ. आणि ओढीत दोघी जवळजवळ सारख्याच. अश्वशक्तीत दहाचा फरक आहे, पण तो इंजिन खूप फिरवल्यावरच कळतो. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला व्हर्नाला ८.१ सेकंद लागतात, असे कंपनी सांगते. व्हर्चुसला नऊच्या आसपास. या पाऊण-एक सेकंदासाठी घरात भांडण नको!

दोन्ही इंजिनांना टर्बो आहे. चूल विझू लागली की आपण फुंकणीने हवा घालतो आणि जाळ धडधडतो, तसेच हे. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटा पंखा फिरतो आणि तो आत जास्त हवा कोंबतो. म्हणून लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. व्हर्चुसमध्ये आणखी एक गंमत आहे. सपाट रस्त्यावर सावकाश चालले असताना तिच्या चार सिलिंडरांपैकी दोन आपोआप थांबतात. चार शेगड्यांपैकी दोन बंद करून गॅस वाचवावा, तसे. वर पाय दाबला की चारही पुन्हा पेटतात.

पण फुंकणी जास्त मारली तर लाकूडही जास्त जळते, हे विसरू नका. कागदावर या मोटारी लिटरला अठरा ते वीस किलोमीटर देतात. मुलाचा पाय जड असेल तर बारा-तेराही मिळतील.

सासूबाई बसतील का?

आता खऱ्या परीक्षेला येऊ. सेडान बसकी असते. तीत बसताना खाली वाकावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर जोर द्यावा लागतो. वऱ्हाडातली एखादी आजी बसून पाहिल्यावर सरळ सांगेल, "बाप्पा! हे तं खड्ड्यात उतरल्यावानी होते!" तिचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. व्हर्चुसची उंची १५०७ मिलिमीटर, व्हर्नाची १४७५. म्हणजे तीन सेंटिमीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण दुखऱ्या गुडघ्याला तो कळतो.

आत बसल्यावर मात्र व्हर्नाची बाजू थोडी वरचढ होते. तिची पुढची-मागची चाके एकमेकींपासून २६७० मिलिमीटरवर आहेत, व्हर्चुसची २६५१. मागे पाय पसरायला व्हर्नात अंमळ सैल वाटते. डिकी दोन्हींची भली मोठी: व्हर्नाची ५२८ लिटर, व्हर्चुसची ५२१. लग्नाला निघालेल्या घराच्या बॅगा, वर लाडवांचा डबा आणि माहेरहून आलेली तुरीची डाळ, सगळे मावेल.

आता जमिनीपासूनची उंची पाहा. व्हर्चुसचे पोट रस्त्यापासून १७९ मिलिमीटर वर आहे. व्हर्ना तिच्याहून खाली बसते. पाच माणसे, भरलेली डिकी आणि गावातला उंच गतिरोधक असा योग आला की खालून 'खर्रर्र' असा आवाज येतो, तो ऐकून आपल्याच पोटात गोळा येतो. शेतापर्यंत कच्च्या रस्त्याने गाडी न्यायची असेल तर हा एक मुद्दा व्हर्चुसच्या पारड्यात टाका.

पावसाळ्याचेही इथेच सांगून ठेवते. नदी-नाल्याला पूर आला आणि पुलावरून पाणी वाहत असले, तर १५० अश्वशक्तीचा काही उपयोग नाही. फूटभर वाहते पाणीदेखील मोटार सरकवू शकते. आणि इंजिनात पाणी शिरले तर साधा विमा ते नुकसान सहसा भरून देत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. ते विचारून घ्या.

वेग आणि जीव

या मोटारींचा मोह होतो तो समृद्धी महामार्गामुळे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. आपल्याकडची माणसे कारंजा लाडजवळ त्यावर चढतात आणि संभाजीनगरहून पुण्याकडे वळतात. मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मुलाला वाटते, १६० अश्वशक्ती असल्यावर १२० म्हणजे काहीच नाही.

इथे थोडे गणित करू. वेग दुप्पट झाला तर धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. शंभरऐवजी एकशेवीसने गेले तर वेग वाढतो २० टक्के आणि धडकेचा जोर वाढतो ४४ टक्के. एकशेवीसच्या वेगाला मोटार एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे फोनकडे एक नजर टाकली, की शाळेच्या मैदानाएवढे अंतर आंधळेपणाने कापले जाते!

म्हणून अंगच्या जोराइतकीच अंगची मजबुती पाहायची. ग्लोबल एनकॅप ही संस्था नव्या मोटारी मुद्दाम आदळून त्यांची परीक्षा घेते. २०२३ मध्ये दोन्ही गाड्यांना प्रौढांसाठी आणि मुलांसाठी पाचपैकी पाच तारे मिळाले. प्रौढांच्या सुरक्षेत ३४ पैकी व्हर्चुसला २९.७१ आणि व्हर्नाला २८.१८ गुण. मुलांच्या सुरक्षेत दोघींना ४९ पैकी ४२. मग फरक कुठे? अहवालातल्या एका वाक्यात! व्हर्चुसचा सांगाडा धडकेनंतर 'स्थिर' राहिला, व्हर्नाचा 'अस्थिर' ठरला. म्हणजे त्याहून मोठा आघात झेलण्याची ताकद त्यात उरलेली दिसली नाही. तारे सारखे असले तरी हे वाक्य वाचायला हवे. मार्कलिस्टवरच्या टक्क्यांखाली शिक्षकांचा शेरा असतो ना, तसेच हे.

व्हर्नाच्या बाजूनेही बोलायला हवे. तिच्या टर्बो गाडीला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. व्हर्चुस आली तेव्हा तिच्या मागच्या चाकांना जुन्या धर्तीचे ड्रम होते. वरच्या किमतीच्या व्हर्नात कॅमेरा आणि रडार यांची मदतनीस यंत्रणा आहे. पुढची गाडी अचानक थांबली तर ती सावध करते, वेळ आली तर ब्रेकही लावते. समृद्धीवर तिचा उपयोग आहे. पण रस्त्यावर पट्टेच आखलेले नसतील तर कॅमेरा काय वाचणार? आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्या गाई-म्हशी, बिनदिव्याची बंडी हे सगळे तिला बरोबर ओळखता येईलच असे नाही. तिथे आपले डोळे हीच यंत्रणा.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी पट्टा लावलाच पाहिजे, हे घरात कुणी ठणकावून सांगायचे? आपणच. नातवंडाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपली सवय तर मोडलीच पाहिजे. एअरबॅग मोठ्या माणसासाठी फुगते, पण इतक्या जोरात की बाळाला तीच इजा करील. बाळाची वेगळी खुर्ची मागे बांधायची.

गिअर कोणता?

दोन्ही मोटारी हाताच्या सहा गिअरांत मिळतात आणि आपोआप बदलणाऱ्या सात गिअरांतही. आपोआप गिअर म्हणजे मोठी सोय. डाव्या पायाला विश्रांती मिळते आणि नव्याने शिकणाऱ्या बाईला धीर येतो. मात्र या दोघींच्या पेटीत दोन कोरडे क्लच असतात. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रकांच्या रांगेत अर्धा तास मुंगीच्या पावलाने सरकत राहिले तर ते तापतात. तेव्हा ब्रेक थोडा-थोडा सोडून सरकत राहू नये. पुढे जागा होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावे. आणि वॉरंटी वाढवून घ्यावी. या पेटीची दुरुस्ती सोन्याच्या भावाची असते.

पैशांची बाजू

पूर्वी या वर्गातल्या मोटारींवर जीएसटी आणि उपकर मिळून ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तरीही वरच्या प्रकारांची किंमत पंधरा ते एकोणीस लाखांच्या घरात जाते. आणि ती शोरूमची किंमत, बरं का! महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल मोटारीला १२ टक्के रस्ता कर आहे. वर विमा, नोंदणी, फास्टॅग. सोळा लाखांची गाडी दारात येईपर्यंत साडेअठरापर्यंत सहज जाते.

समजा, त्यातले १४ लाख कर्जाने घेतले आणि व्याज ९ टक्के आहे. पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २९,०६० रुपये. सात वर्षांत फेडायचे तर २२,५२५. दुसरा हप्ता हलका वाटतो ना? पण पाच वर्षांत व्याज जाते ३ लाख ४४ हजार आणि सात वर्षांत ४ लाख ९२ हजार. हलक्या हप्त्यासाठी जवळजवळ दीड लाख जास्त! मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा पहिला हप्ता यातच निघाला असता.

पेट्रोलचेही मांडून पाहा. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला चौदाचा हिशेब आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर वर्षाचे ९० हजार. म्हणजे महिन्याचे साडेसात हजार. हप्ता आणि पेट्रोल मिळून तीस हजारांच्या वर. विमा आणि सर्व्हिसिंग वेगळे. पीक हाती आले नाही अशा वर्षीही हा खर्च थांबत नाही. आपल्या भागात हे वाक्य दोनदा वाचावे.

सर्व्हिसिंगचे अंतरही पैशांतच धरा. ह्युंदाईचे जाळे देशात फोक्सवॅगनपेक्षा मोठे आहे. सर्वांत जवळचे अधिकृत केंद्र कुठे आहे, यवतमाळला, अमरावतीला की नागपूरला, हे दोन्ही कंपन्यांना फोन करून विचारा. एका सर्व्हिसिंगसाठी दिवस मोडत असेल आणि दुकान बंद ठेवावे लागत असेल, तर तोही खर्चच.

गाडी कुणाच्या नावावर?

हा प्रश्न बायका विचारत नाहीत आणि पुढे तोच नडतो. काही बँका स्त्री कर्जदाराला व्याजात थोडी सवलत देतात, म्हणून गाडी बाईच्या नावावर घेतली जाते. घ्या, जरूर घ्या. पण मालकाच्या अपघात विम्याचे १५ लाखांचे संरक्षण त्याच मालकाला मिळते, ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे. नाव तुमचे आणि लायसन्स नाही, तर हे संरक्षण नुसते कागदावर. म्हणून नाव लावताना लायसन्सही काढा. गाडी शिका. रात्री-बेरात्री सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

गाडी यजमानांच्या नावावर असेल तर नोंदणी पुस्तकात वारस म्हणून तुमचे नाव लिहून घ्या. ही सोय २०२१ पासून आहे. नको तो प्रसंग आला तर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. नाव आधी लागलेले असले तर त्या दिवसांत बाईची पायपीट वाचते.

शोरूमला जाताना

- दोन्ही मोटारी एकाच दिवशी, शक्यतो एकाच प्रकारच्या रस्त्यावर चालवून पाहा. नुसता मुलगा नको, सगळे घर बसवून. सासूबाईंना मागे बसवा आणि दोनदा चढ-उतार करायला लावा.
- मुलाला म्हणावे, वेग दाखवू नकोस, ब्रेक दाखव. गतिरोधकावरून आणि खड्ड्यातून ने.
- स्वतः चालकाच्या जागी बसा. पाय पुरतात का, पुढचे बॉनेट दिसते का, मागे घेताना मान अवघडते का, ते पाहा.
- किंमत लेखी मागा, प्रत्येक ओळ वेगळी. 'हँडलिंग चार्ज' दिसला तर कशाचा म्हणून विचारा. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचा भाव काढा.
- दहा लाखांवरच्या गाडीला विक्रेता एक टक्का आयकर आधीच कापून घेतो. पावती जपा, तो विवरणपत्रात वळता होतो.
- ताब्यात घेण्यापूर्वी दिवसाउजेडी गाडी पाहा. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१०२५' म्हणजे २०२५ सालचा दहावा आठवडा. गाडी नवी आणि टायर शिळे, असे नको.
- टायरमधली हवा गाडी थंड असताना महिन्यातून दोनदा आणि महामार्गावर जाण्यापूर्वी हमखास पाहावी. कमी हवेचा टायर विदर्भाच्या उन्हात वेगाने पळवला की तापतो आणि फुटतो.

मग कोणती?

बोरी अरबच्या त्या घरासाठी आमचे मत विचाराल, तर व्हर्चुस. उंच गतिरोधक, शेताचा रस्ता, सासूबाईंचे गुडघे आणि धडकेत स्थिर राहिलेला सांगाडा, हे चार मुद्दे तिच्या बाजूचे आहेत. घर यवतमाळ किंवा अमरावतीच्या पक्क्या रस्त्यावर असेल, मागच्या सीटवर मोठी माणसे जास्त बसत असतील आणि ह्युंदाईचे केंद्र हाकेच्या अंतरावर असेल, तर व्हर्ना. ती थोडी स्वस्तही पडते.

आणि तिसरा रस्ताही आहे, तो विक्रेता आपणहून सांगत नाही. याच दोन मोटारी ११५ अश्वशक्तीच्या साध्या इंजिनांतही मिळतात. अंग तेच, डिकी तीच. किंमत काही लाखांनी कमी. मुलगा वर्षातून चार वेळा घरी येतो आणि बाकीचे दिवस गाडी दारव्हा-यवतमाळ करते, असे असेल, तर तो जादा जोर कोण वापरणार? वाचलेल्या पैशांत विम्याची सगळी कलमे, वाढीव वॉरंटी आणि तुमची ड्रायव्हिंग शाळेची फी भागते. वर मुलीच्या नावाने काही ठेवताही येते.

मुलाचे मन मोडायचे नाही, हे खरे. त्याला वही आणि पेन घेऊन शेजारी बसवा आणि वरचे आकडे आपल्या घराच्या आकड्यांनी बदलून मांडायला सांगा. बेरीज त्यालाच करू द्या. चहा मात्र त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा.